फोर्कच्या सीलवरची लाल माती

साखळीतल्या एका खत-औषधांच्या दुकानासाठी मी फिरतीवर असतो. सत्तरीतली कुळागरं म्हणजे सुपारीच्या बागा, डिचोलीकडच्या काजूबागा, कधी उसगाववरून धारबांदोडा आणि पार मोल्यापर्यंत. पावसाआधी सुपारीला बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारायची घाई सुरू झाली की अर्धा दिवस गाडीवरच जातो. डांबर गावाच्या तिठ्यापर्यंत. पुढं बागेत उतरायचं तर जांभ्याचे तुकडे टाकून केलेली वाट, नाहीतर नुसती माती. गाडी म्हणजे १५० सीसीची मोटरसायकल, पुढं साधे टेलिस्कोपिक फोर्क (चाकाच्या दोन बाजूंचे, दणके झेलणारे नळ्यांचे पाय), मागं मोनोशॉक (एकच शॉकअप). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे ते कुठल्याही गाडीला लागू आहे, आणि त्यात गाडीचा काही दोषही नाही.

दोष मातीचा. आपल्याकडचा चिरा म्हणजे जांभा दगड. त्यात मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, शिवाय गारगोटीचे कण. सोनार दागिन्याला शेवटची चकाकी आणायला जी लाल भुकटी वापरतात तीही लोहाचं ऑक्साइडच. थोडक्यात, आपण दिवसभर पॉलिश पावडर उडवत फिरत असतो. कोरडी असताना ही धूळ फडक्यानं झटकली की जाते. पण तिला तेलाचा किंवा पाण्याचा ओलावा मिळाला की तिची घट्ट लुकणी होते, आणि ती रबर आणि धातू यांच्या मधोमध जाऊन बसली की दर खड्ड्याला थोडं थोडं घासत राहते.

पाळी, वेळगे, सुर्ला, सोनशी या पट्ट्यात त्यात खनिजाची भर. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या, तेव्हा या रस्त्यांवरची धूळ खरोखर बसली होती. लोकांची मिळकतही बसली, ती गोष्ट वेगळी. आता लिलाव होऊन ट्रक पुन्हा दिसायला लागलेत. भरलेल्या ट्रकच्या मागं पाचेक मिनिटं अडकलं की शर्टाचा रंग बदलतो. शर्ट घरी गेल्यावर धुतला जातो, फोर्क तसाच राहतो.

काजूचा हंगाम संपत आला होता तेव्हा उजव्या फोर्कच्या चकचकीत नळीवर एक तपकिरी कडं दिसलं. बोट लावलं तर चिकट. पुसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तिथंच. माझ्या गाडीला ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) त्याच बाजूला आहे, आणि गळणारं तेल नळीवरून ओघळत पॅडवर गेलं तर ब्रेक लागणार नाहीत. बाकी कामं पुढं ढकलता येतात, हे नाही.

होंड्यात (हे आमच्याकडं गावाचं नाव आहे, बाहेरच्यांनी गोंधळू नये) एक मेकॅनिक आहेत, मूळचे दोडामार्गचे. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा जोरात दाबलं, नळीवरचं कडं बघितलं आणि म्हणाले, "सील टाकायचा तर टाकू. दोन्ही बाजूंचे टाकावे लागतील, तेल नवं, मजुरी वेगळी. पण मी सांगू का? आधी आतली घाण काढून बघ. पुष्कळदा सील गेलेलाच नसतो, त्यात खडा अडकलेला असतो."

स्वतःचं गिऱ्हाईक घरी पाठवणारा मेकॅनिक विरळा. म्हणून त्यांनी जे समजावलं ते मी नीट ऐकून घेतलं.

वरची चकचकीत नळी पोलादाची, तिच्यावर हार्ड क्रोमचा थर. ती खालच्या ॲल्युमिनियमच्या जाड नळीत वरखाली होते. खालच्या नळीच्या तोंडाशी दोन रबरं असतात. बाहेरून दिसतो तो डस्ट सील, त्याचं काम फक्त धूळ पुसायचं. तो वर उचलला की खाली तारेची एक क्लिप दिसते आणि तिच्याखाली खरा ऑइल सील. तेल अडवतो तो हा. याची आतली कड कागदासारखी पातळ असते आणि तेवढ्या कडेच्या जोरावर आतलं सगळं तेल थांबलेलं असतं. मातीचा कण क्रोमला सहजासहजी काही करू शकत नाही, क्रोम खूप कठीण. पण रबरात तो रुततो. रुतला की कड तिथं नळीपासून केसभर उचलली जाते, आणि तेलाला केसभर फट पुरते.

बाजारात सील साफ करायची प्लास्टिकची तयार पट्टी मिळते. काकांनी सांगितलं, जुन्या एक्स-रेची फिल्म घे, काम तेच. वडिलांच्या गुडघ्याचा एक्स-रे कपाटावर पडून होता. घरी आधी विरोध झाला, "परत डॉक्टरांना दाखवायचा झाला तर?" मग कोपऱ्यातली, हाड न आलेली पट्टी कापायला परवानगी मिळाली. जुनी फोटोची निगेटिव्ह असेल तर तीही चालते.

दोन बोटं रुंदीची लांबट पट्टी कापली. तिच्या एका कडेला, टोकाजवळ, कात्रीनं छोटी आकडी काढली, माशाच्या गळाला असते तशी. कापलेल्या कडा नखानं घासून गुळगुळीत केल्या. धारदार कड राहिली तर घाण काढता काढता सीलच कापला जाईल.

गाडी मेन स्टँडवर. आधी फोर्कचा सगळा बाहेरचा भाग ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं पुसला. ही पायरी गाळली तर बाहेरची माती आपणच आत ढकलतो. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले आणि डस्ट सील चारी बाजूंनी थोडा थोडा उचलत वर सरकवला. एकाच बाजूनं रेटलं की नळीवर ओरखडा ठरलेला. सील वर गेला आणि खाली जे दिसलं ते बघून तेल का गळतंय हे वेगळं विचारावं लागलं नाही. क्लिपच्या भोवती सगळीकडं लाल-काळी लुकणी, सुकून कडक झालेली. एका ठिकाणी तर ती खणूनच काढावी लागली. क्लिपवरही गंज धरायला लागला होता.

ती साफ केल्यावर फिल्मची पट्टी नळीला चिकटवून ऑइल सीलच्या कडेखाली हलकेच सरकवली. जोर लावायचा नाही. पट्टी कडेखाली गेली की हाताला कळतं, अडखळ संपते. मग ती नळीभोवती फिरवत पूर्ण फेरी घ्यायची आणि आकडी वर येईल अशी बाहेर ओढायची. पहिल्याच फेरीत आकडीच्या खाचेत चहाच्या भुकटीएवढे दोन-तीन कण आणि थोडी काळी घाण आली. फडक्याला पुसून पुन्हा. मधे मधे फोर्क दाबून तेलाचा ओलावा वर आणायचा, त्यासोबत आतले कणही वर येतात. पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवलं.

शेवटी कडेवर सिलिकॉन ग्रीस, अगदी औषधापुरतं, आणि डस्ट सील हातानं दाबून जागेवर. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथं भरू नये. ते धूळ धरून ठेवतं, आणि आपण जी धूळ काढली तिलाच परत बोलावणं धाडल्यासारखं होतं. डाव्या बाजूलाही हेच केलं. ती गळत नव्हती, पण माती तिच्यातही तेवढीच निघाली.

गळती थांबली. सगळ्यांचीच थांबेल असं नाही. सीलची कड कापली गेली असेल किंवा रबर वयानं कडक झालं असेल तर साफसफाईनं काही होत नाही, सील बदलावेच लागतात. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम. जुन्या सीलवर माप छापलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते मोबाईलवर टिपून दुकानात दाखवायचं. नुसतं मॉडेल सांगितलं तर कधी भलतंच काही हातात पडतं.

काकांची दुसरी युक्ती मला पहिलीपेक्षा जास्त आवडली. एक केबल टाय नळीभोवती डस्ट सीलला टेकवून सैलसा बांधायचा. फोर्क दबला की सील त्याला वर ढकलतो, फोर्क परत आला की टाय वरच राहतो. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या ओझ्यासकट फिरून आलं की कळतं सील नळीवर कुठपर्यंत जातो. त्या खुणेच्या वर नळीवर गंजाचा ठिपका असला तरी सीलला त्याचं देणंघेणं नाही. खुणेच्या खाली असला तर प्रत्येक खड्ड्याला सीलची कड त्याच्यावरून जाते.

माझ्या डाव्या नळीवर खुणेच्या खाली दोन ठिपके निघाले, दगड लागून क्रोम उडालेले. नख फिरवलं तर अडकत होतं. २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून फक्त ठिपक्याची उठलेली कड उतरवली, तीही नळीभोवती आडवी घासून. उभं घासलं तर त्या रेघांतून तेलाला वाट मिळते. मग खड्ड्यात दोन भागांचं एपॉक्सी भरलं, सुकल्यावर पुन्हा तोच पेपर हलका फिरवून नळीला सपाट केलं. नख अडकायचं थांबलं. खड्डे जास्त असते तर ही मलमपट्टी टिकली नसती. मग नळी हार्ड क्रोमला पाठवायची किंवा नवी घ्यायची, आणि ते सीलच्या कितीतरी पट महाग पडतं.

दुरुस्ती झाली, पण वाट तीच होती आणि माती तीच. मिरग तोंडावर आला होता. पाऊस आला की धूळ जाते आणि चिखल येतो. गोव्याची पावसाची सरासरी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि घाटाच्या पायथ्याचं वाळपई त्यातलं अधिक पावसाचं ठिकाण. तेव्हा प्रश्न नुसता माती अडवण्याचा नव्हता. पाण्याचाही होता, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या कोरड्या मुलखातले लोक फोर्कला जे जे गुंडाळतात ते आपल्या जून-जुलैत कसं वागेल हे गुंडाळून बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून एका पायाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं करून बघायचं ठरवलं.

उजव्या फोर्कला गेटर, म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेला रबरी बूट. म्हापशाच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात मिळाला, जोडीच घ्यावी लागली, पण एकूण खर्च एका पिझ्झाहून कमी. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ कंपनीतूनच असे बूट घालून यायची, म्हणजे कल्पना काही गावठी नाही. अडचण एकच. बंद बूट नळीवर चढवायचा तर चाक काढून फोर्क हँडलखालच्या पकडीतून खाली ओढावा लागतो. काकांनी एकाच बाजूला बूट चढवताना "दुसऱ्या पायात चप्पल का?" म्हणून विचारलंच.

डाव्या फोर्कला निओप्रीनची पट्टी. ऑनलाइन ब्रँडेड मिळते, पण तिची किंमत बघून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला वाटला. माझा आतेभाऊ कळंगुटला पर्यटकांना ग्रँड आयलंडला डायव्हिंगला नेणाऱ्या बोटीवर आहे. त्यांच्याकडं फाटलेले वेटसूट पडून असतात, आणि वेटसूट म्हणजे निओप्रीनच. एका सूटच्या पायाचा तुकडा त्यानं आणून दिला. साखळीच्या बाजारात बॅगा शिवणाऱ्याकडून त्याच्या दोन्ही कडांना वेल्क्रो शिवून घेतलं. नळीभोवती गुंडाळायचं आणि वेल्क्रो मागच्या बाजूला येईल असं बंद करायचं, समोर ठेवलं तर वाऱ्यानं उचकटतं. चाक काढायची गरज नाही, पाच मिनिटांचं काम. पट्टी डस्ट सीलच्या थोडी खालपर्यंत आली पाहिजे, म्हणजे सील झाकला जातो.

बूट लावताना एक काम केलं जे दुकानदारानं सांगितलं नव्हतं. स्वस्तातल्या बुटाला खालच्या बाजूला भोक नव्हतं. फोर्क दबला की आतली हवा जाणार कुठं, आणि आत शिरलेलं पाणी निघणार कुठून? खिळा तापवून बुटाच्या तळाला, चाकाच्या विरुद्ध बाजूला, दोन भोकं पाडली.

दोन्ही जून ते चवथीपर्यंत गाडीवर राहिलं. मधे मी मुद्दामच फार हात लावला नाही, फक्त कॅलिपरकडं आणि ब्रेककडं लक्ष ठेवलं.

चवथीच्या सुट्टीत उघडून बघितलं. डावीकडं निओप्रीन हाताला ओलं लागलं, आणि आदल्या दिवशी तर पाऊसही नव्हता. वेटसूटचं रबर स्वतः पाणी पीत नाही, पण त्याला आतून-बाहेरून जे कापडाचं अस्तर असतं ते पितं, आणि वेल्क्रो आवळलेलं असल्यामुळं वारा आत जात नाही. डस्ट सीलच्या वर लाल मातीचं कडं बसलं होतं. बारीक, मऊ, आणि ओलं. मोठे खडे एकही आत गेले नव्हते, ते पट्टीनं अडवले होते, हे कबूल. पण खुणेच्या वर, जिथं क्रोम धड होता तिथंसुद्धा, गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके यायला लागले होते.

उजवीकडं बुटाची खालची क्लिप सोडून तो वर उचलला. आत थोडा चिखल होता, तो तळाशी भोकांच्या आसपास. एक भोक त्यानं बुजलंही होतं, दुसरं उघडं. नळी कोरडी. डस्ट सीलवर धुळीचा हलका थर, फडक्यानं पुसून गेला. गंज नाही.

त्यावरून माझा कौल असा. पावसात निओप्रीन नको. बूट चालेल, पण भोकं असलेला, आणि ती भोकं अधूनमधून तारेनं मोकळी करणाऱ्याचा. बुटाचा तोटा हा की आतलं काही दिसत नाही. तेल गळायला लागलं तरी बूट ते पोटात ठेवतो आणि आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळं मी पेट्रोल भरायला थांबलो की बूट वर सरकवून एक नजर टाकतो. ज्याला हे जमणार नाही त्यानं फोर्क उघडाच ठेवावा आणि रोज रात्री गाडी लावताना नळी पुसावी. खोटं वाटेल, पण कोरड्या फडक्यानं रोज पुसलेली उघडी नळी ओल्या आवरणातल्या नळीपेक्षा बरी राहते. हॉटेलच्या गल्ल्यावर असतं तसलं एखादं जुनं पंच्याचं फडकं सीटखाली ठेवलं की झालं.

डाव्या पायाची चप्पल जाऊन तिथंही बूट आला. निओप्रीन मात्र वाया गेलं नाही. आतेभावाच्या ओळखीचा एक जण मोरजीला गाड्या भाड्यानं देतो, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या. त्याचा धंदा दसऱ्यापासून मेपर्यंत, म्हणजे सगळा कोरड्या दिवसांतला. त्याच्याकडची अडचण वाळूची. किनाऱ्यावर गाडी घालायची नाही असं बजावूनही पर्यटक वाळूच्या कडेपर्यंत नेतातच, आणि समुद्राची वाळू लाल मातीपेक्षा जाड, वर मीठ. त्याच्या गाड्यांना मी वेटसूटच्या पट्ट्या करून दिल्या. गाडी परत आली की पट्टी काढायची, गोड्या पाण्यात पिळायची, नळी पुसायची, पट्टी वाळली की परत. त्याचं चांगलं चाललंय. तीच वस्तू, मोसम वेगळा.

आवरणाआधी खरं तर मडगार्डकडं बघायला हवं, कारण माती फोर्कपर्यंत पोचते ती मुख्यतः पुढच्याच चाकानं. हल्लीच्या गाड्यांची पुढची मडगार्डं दिसायला देखणी आणि कामाला तोकडी. चाक चिखल पुढं फेकतं, समोरून येणारा वारा तोच चिखल फोर्कच्या नळीवर आणून टाकतो. मडगार्डच्या पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले. पंक्चरवाल्यानं ट्यूब फुकट दिली. मडगार्डला भोकं पाडून छोटे बोल्ट, आतून रुंद वॉशर. पुढचा तुकडा लहानच ठेवायचा, लांब झाला तर वाऱ्यानं दुमडून टायरला लागतो. दिसतं कसं विचाराल तर फार छान दिसत नाही. मागचा तुकडा मात्र मोठा चालतो, इंजिनावरचा चिखलही त्यानं कमी होतो.

मागच्या मोनोशॉकची स्थिती फोर्कपेक्षा वाईट असते, फक्त ती आपल्या नजरेला पडत नाही. मागचं चाक जे उडवतं ते सगळं थेट त्याच्या अंगावर. स्प्रिंगच्या आत त्याचा दांडा असतो, त्यालाही सील असतो, आणि माझ्या गाडीच्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यांत मातीचा अक्षरशः गोळा बसला होता. साध्या गाड्यांचा मोनोशॉक उघडून दुरुस्त करायला फारसं कुणी बसत नाही, गेला की अख्खा बदलायचा. म्हणून जिथं काही करता येतं ते आधीच.

उरलेली ट्यूब इथं कामी आली. चौकोनी तुकडा कापून त्याची वरची कड सीटखालच्या फ्रेमच्या आडव्या पट्टीला आणि खालची चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या भागाच्या) आडव्या पट्टीला केबल टायनं बांधली. शॉकअप आणि चाक यांच्या मधे रबरी पडदा. बांधताना गाडी मेन स्टँडवर असेल तर चिमटा खाली लोंबकळलेला असतो, म्हणजे अंतर सगळ्यात जास्त. त्या स्थितीत पडदा ताठ बसला तर चालेल, कारण यापेक्षा जास्त तो ताणला जाणार नाही. उलट माणूस बसला की तो सैल पडून मागं फुगतो, आणि तेव्हा तो टायरला लागता कामा नये. त्यासाठी आमच्या दुकानातल्या हमालाला खताच्या पोत्यासकट मागं बसवलं आणि मी खाली वाकून बघितलं. थोडा लागत होता. मधला भाग अर्धवर्तुळ कापून टाकला. चेनच्या बाजूची कडही दोन बोटं आत घेतली. सायलेन्सरपासून तो लांब आहे ना हे दोनदा बघावं, तापलेल्या रबराचा वास गाडीवर बसलेल्याला सगळ्यात शेवटी येतो.

पडदा लावल्यापासून स्प्रिंगमधला मातीचा गोळा परत दिसला नाही. सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक कशानं पडला असं विचारलं तर मी या ट्यूबच्या तुकड्याचंच नाव घेईन.

धुण्याबद्दलही थोडं. सर्व्हिस स्टेशनवरचा पोरगा प्रेशरचा पाईप घेऊन सुरुवातच फोर्कच्या सीलवर करतो, कारण तिथं माती दिसते. त्या दाबाचं पाणी डस्ट सीलच्या कडेखालून माती घेऊनच आत जातं. त्याला आधी सांगून ठेवायचं, फोर्कवर आणि शॉकअपवर पाईप नको, बादली नि मग्ग्यानं मी बघतो. धुवून झाल्यावर डिझेलचा फवारा मारायची जी पद्धत आहे तिलाही नाही म्हणायचं. गाडी संध्याकाळपर्यंत चकचकते आणि दुसऱ्या दिवशी त्या तेलकटपणावर सगळ्या सत्तरीची धूळ येऊन बसते.

फिरतीवरच्या माझ्यासारख्यांसाठी आणखी एक. बोर्डोसाठी लागणारं मोरचूद गाडीवरून नेताना पिशवी फाटली आणि पावसाचं पाणी लागलं तर ते निळं पाणी लोखंडाला खातं. क्रोम उडालेल्या ठिकाणी तर त्याला आयती वाट. मोरचुदाची पिशवी मी आता टाकीवर ठेवत नाही, मागच्या कॅरियरवर, प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो.

एका जागेला मात्र स्वस्तातला उपाय सापडलेला नाही. चिमटा जिथं फ्रेमला जोडलेला असतो तिथले बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या नळ्या. पडदा त्यांना झाकत नाही, बाहेरून ग्रीस मारायला निपल नाही, आणि माती तिथंही जाते. काकांच्या मते उघडून, धुवून, ग्रीस भरून परत बसवणं हाच मार्ग, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. मजुरी लागतेच. यंदा मे महिन्यात ते काम करायचंय, तेव्हाच फोर्कचं तेलही बदलून घेईन. चाक काढलेलंच असेल तर बूट वर घेऊन फिल्मची एक फेरी मारायलाही काही अडचण नाही. एक्स-रेचे अजून तीन कोपरे शिल्लक आहेत.